पिकल्या केसांचा इमानवाला

आबासाहेब सहसा कुणाच्या दारात जात नसत. सोनपेठच्या बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात त्यांची टाकीज चालायची, आणि ज्याला त्यांच्याशी काम असेल त्यानं तिकिटाच्या खिडकीमागच्या त्यांच्या खुर्चीपाशी जायचं, असा रिवाज होता. त्यामुळे बाजाराच्या दिवशी भर दुपारी ते धोतराचा सोगा हातात धरून पंडित सरांच्या खोलीपुढं येऊन उभे राहिले, तेव्हा सरांची आई सरजाबाई तुरी निवडता निवडता सूप बाजूला ठेवून उठलीच.

"सर हायेत का?"

पंडित आत दहावीचे पेपर तपासत होता. तो बाहेर आला. आबासाहेबांच्या मागं त्यांचा मशीनवाला सिताराम उभा होता. हाताला तेल, चेहरा उतरलेला.

"लय मोठा घोटाळा झालाय सर," आबासाहेब बाजेवर टेकत म्हणाले. "हैदराबादवाल्यानं पेटी भलतीच धाडली. वरची चिठ्ठी बरोबर, आत मातुर इंग्रजी पिच्चर. लढाईचा. नुसती इमानं उडायलीत."

"मग आजचा खेळ बंद ठेवा."

"बंद कसा ठेवू? सकाळपासून बाजारात भोंगा फिरायलाय, देवाचा पिच्चर म्हनून. खेड्यापाड्यातून बाया आल्यात. काही जणी तर नारळ घेऊन पडद्यापुढं बसल्यात. आता उठा म्हनलं तर गोदाम पाडतील. म्हनल्या, जे असंल ते दाखवा, पर दाखवा." आबासाहेबांनी टोपी काढून डोकं पुसलं. "तर तुमी असं करा. पडद्याशेजारी बसा, माईक घ्या, आन् तो गोरा जे बोलंल ते मराठीत सांगत जावा. सोनपेठात इंग्रजी घेऊन यम्मे झालेला मानूस तुमीच एक."

पंडित औरंगाबादला शिकून दोन वर्षांपूर्वी इथल्या शाळेवर इंग्रजीचा मास्तर म्हणून लागला होता. पण त्याचं सगळं इंग्रजी डोळ्यांनी शिकलेलं. नाटकं वाचली होती, कविता पाठ होत्या, व्याकरणात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. खऱ्या गोऱ्या माणसाच्या तोंडून मात्र त्यानं चार वाक्यंही कधी ऐकली नव्हती. औरंगाबादचे प्राध्यापक शिकवायचे ते इंग्रजीसुद्धा अर्धं मराठीच असायचं.

हे आबासाहेबांना सांगून टाकणं सोपं होतं. पण ते सांगितलं की संध्याकाळपर्यंत बाजारभर होणार आणि उद्या मास्तरांच्या खोलीत पोचणार. तिथं आधीच एक जण चहा पिता पिता विचारून मोकळा झाला होता, "काय सर, तुमच्या डिग्रीवर विद्यापीठाचं नाव कोणतं टाकलंय? जुनं का नवं?" सगळे हसले होते. पंडितही हसला होता. नामांतराचा ठराव होऊन चौथं वर्ष चालू होतं, नाव काही बदललं नव्हतं, आणि त्याच्यासारख्याला नोकरी मिळाली ती कशी मिळाली, याचा हिशेब लोकांनी आपापल्या मनात करूनच ठेवला होता.

"जा की," सरजाबाई म्हणाली. "मी बी येते. तुजं इंग्रजी मी कुटं आयकलंय आजून?"

तो गेला.

गोदामात पत्र्याच्या फटींना पोती लावून अंधार केला होता. डावीकडं बाया, उजवीकडं गडीमाणसं, मधून दोरी. बायांत पुढंच झरीहून लेकीकडं आलेली म्हातारी चांगुणाबाई बसली होती, मांडीवर नारळ. तिच्या शेजारी सरजाबाईला जागा मिळाली. पुरुषांच्या बाजूला दत्तराव आडतवाले खुर्ची टाकून बसले होते, बाकीचे खाली पोत्यांवर. पंडितला पडद्याच्या कडेला एक स्टूल दिलं. माईक तोंडाशी नेला तर त्याचा स्वतःचाच श्वास गोदामभर घुमला.

पहिल्या रिळाची सुरुवात तुटलेली होती, त्यामुळे सिनेमाचं नावही कळलं नाही. एकदम एक नकाशा, मग आभाळ, आणि आभाळात चार विमानं.

"आलं, देवाचं इमान आलं!" मागून कुणीतरी बाई ओरडली, आणि चांगुणाबाईनं हात जोडले.

"देवाचं नाही," पंडित माईकवर म्हणाला. "ही लढाई आहे. कोरिया नावाचा देश आहे." हे त्याला मघाशी पडद्यावर नकाशा दिसला म्हणून कळलं होतं. इतपत ठीक चाललं होतं. मग विमानातली माणसं बोलायला लागली.

त्यांच्या तोंडावर मुसक्या होत्या, डोळ्यांवर काचा होत्या, आणि आवाज डब्यातून यावा तसा. त्यात सितारामच्या मशीनची खडखड. पंडितनं कान टवकारले. 'ओके' कळलं. 'सर' कळलं. मधलं सगळं तोंडात शेंगा भरून बोलल्यासारखं. शब्द ओळखू येईपर्यंत दोन वाक्यं पुढं निघून जायची.

"काय म्हनायलाय?" आबासाहेबांनी मागून विचारलं.

"म्हणतोय की, नीट चला. शत्रू जवळ आहे."

"आन् आपले कोन्ते ह्यातले?" चांगुणाबाईनं विचारलं.

"आपले कुणीच नाहीत, आजी."

"मंग आमी कुनाकडून बगायचं?"

विमानं खाली उतरली, बर्फ दिसलं, मुसक्या निघाल्या, आणि खाली दोघेतिघे सारखेच दिसणारे गोरे उभे राहिले. लोकांना ओळखता यावेत म्हणून पंडितनं त्यांना खुणा दिल्या: एक मिशीवाला, एक पोरसवदा, आणि एक वयानं थोराड, कानाजवळचे केस पिकलेला. "हा पिकल्या केसांचा यांच्यातला मोठा. याच्या हाताखाली बाकीचे." बायांनी लगेच त्याला आपला केला. "चांगला हाय मानूस. तोंडावरूनच कळतं."

दुसऱ्या रिळात धुमश्चक्री झाली. एक विमान धूर सोडत खाली गेलं आणि डोंगराला धडकलं. मुसकीमुळं आत कोण होतं ते कळलं नाही, पण विमानावरचा आकडा मघाशी त्या थोराडाच्या विमानावर पाहिल्यासारखा वाटला. पंडितनं धीर करून सांगितलं, "पिकल्या केसांचा गेला."

बायांकडून हळहळ उठली. एकीनं डोळ्याला पदर लावला. आणि लगेच पडद्यावर पिकल्या केसांचा माणूस गळ्यात टॉवेल टाकून दाढी करताना दिसला.

"ओ सर! ह्यो तर मेला हुता!"

गडीमाणसं हसायला लागली. पंडित म्हणाला, "हा त्याचा भाऊ." बोलून गेल्यावर त्याला स्वतःचीच लाज वाटली. पण त्या दाढी करणाऱ्यानं तोंड पुसलं, भिंतीवरचा एक फोटो काढला आणि बराच वेळ पाहत उभा राहिला. फोटोत ते सगळे जण हसत होते. "बग, भावाचा फोटू बगायलाय," चांगुणाबाई म्हणाली. सगळ्यांना पटलं. पंडितलाही क्षणभर वाटलं, न जाणो, असेलही भाऊ.

असं करत करत सिनेमा पुढं गेला. दर रिळाला सिताराम दिवा लावायचा, लोक डोळे चोळत त्याला काही ना काही विचारायचे, आणि तो काही ना काही सांगायचा. ती बाई कुणाची बायको? मिशीवाल्याची. मग ती पोरसवद्याला का भेटली? निरोप द्यायला. कसला? राम कुठंच नाही का ह्याच्यात? आपण सांगतोय ती गोष्ट एक आणि पडद्यावर चाललीय ती दुसरी, हे पंडितला कळत होतं. दोन्ही मधूनच कुठंतरी एकमेकींना लागून जायच्या, तेवढ्यावर त्यानं निभावून नेलं.

मग ते रीळ आलं.

पिकल्या केसांचा माणूस एकटाच विमान घेऊन निघाला. डोंगर ओलांडला आणि खाली बर्फात एक वस्ती दिसली. गवतानं शाकारलेली छपरं, चुलींचा धूर, बाहेर दोनतीन माणसं ठिपक्यांसारखी. विमान खाली उतरत गेलं. त्याचा अंगठा लाल बटणावर दिसला. विमान छपरांवरून घोंगावत गेलं, खालची माणसं पळाली, आणि अंगठा बटणावरून निघाला. त्यानं काहीच न करता विमान वळवलं आणि तो परत आला.

पुढं साहेबाची खोली. टेबलामागं साहेब, समोर पिकल्या केसांचा माणूस टोपी काखेत घेऊन उभा. साहेबानं काहीतरी विचारलं. आणि तो बोलायला लागला.

लांबलचक बोलला. आवाज चढवला नाही. साहेब मधे बोलत नव्हता, पाठीमागं बाजा वाजत नव्हता, फक्त तो बोलत होता. संबंध गोदाम पडद्याकडं नाही, पंडितकडं पाहत होतं.

पंडितच्या कानावर पहिलं वाक्य पडलं त्यात 'वोन्ट' होतं आणि शेवटी 'बर्न'. करणार नाही, जाळणार नाही. असं त्याला ऐकू आलं. मग कुठंतरी 'व्हिलेज'. मग नुसता आवाज.

"काय म्हनायलाय सर?" आबासाहेब कुजबुजले.

"तो म्हणतोय," पंडितनं सुरुवात केली, "साहेब, मी घरं जाळणार नाही."

तो पुढं बोलत गेला. पडद्यावरचे ओठ हलत होते तोवर त्याला थांबता येत नव्हतं.

"तो म्हणतोय, साहेब, वरून घर काडेपेटीएवढं दिसतं. पण मी खाली गेलो. मला दावणीला म्हैस दिसली. तिचं दावं कुणी सोडलं नव्हतं. घरात कणगी होती. कणगीतली ज्वारी भडकत नाही साहेब, ती आतल्या आत धुमसते. वरून पाऊस पडला तरी तिच्यातून धूर येत राहतो. माणसं उसात जाऊन बसली होती. लेकरानं रडू नये म्हणून आईनं त्याच्या तोंडावर हात दाबला होता. आणि जे जाळायला आले ते काही परमुलखाचे नव्हते, साहेब. ते नावानं हाका मारत होते."

एवढं बोलून झालं आणि पडद्यावरचाही बोलायचा थांबला. साहेबानं मान खाली घातली, दोन शब्द बोलला. पिकल्या केसांच्या माणसानं सलाम ठोकला आणि बाहेर पडला. रीळ संपलं. सितारामनं दिवा लावला.

सरजाबाईनं पदर तोंडावर ओढून घेतला होता. पुरुषांच्या बाजूला माना खाली होत्या. साडेतीन वर्षांपूर्वी, नामांतराचा ठराव झाला त्या पावसाळ्यात, गोदेच्या पलीकडच्या एका गावात बौद्धवाड्यातली घरं पेटवली होती. ते गाव सरजाबाईचं माहेर. तिचा भाऊ आश्रुबा बायकोलेकरांसह उसात रात्र काढून निघाला तो परभणीला गेला, परत आला नाही. सोनपेठात हे सगळ्यांना माहीत होतं, आणि बोलायचं झालं तर लोक "ती गडबड झाली तवा" एवढंच बोलत.

दत्तराव आडतवाले खुर्चीत सरळ बसले. "सर, येक इचारू का? तिकडं बर्फात ऊस कुटला आला?"

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"हे त्यो गोरा म्हनला, का तुमी म्हनले?"

पंडितनं तोंड उघडलं. माईक अजून चालू होता. "तो म्हणाला," त्याच्या तोंडून निघालं. खोटं बोलतोय असं त्याला वाटेना. खरं बोलतोय असंही वाटेना.

"चला, लावा रे पुढचं," आबासाहेब घाईनं म्हणाले.

पुढचं रीळ शेवटचं होतं. पोरसवदा, मिशीवाला, सगळे विमानांकडं धावत निघाले, आणि त्यांच्या पुढं, हसऱ्या तोंडानं, पिकल्या केसांचा माणूस. तो विमानात चढला. तोच डोंगर आला. तीच वस्ती की दुसरी, ते बर्फात कळलं नाही. या खेपेला अंगठा बटणावर गेला आणि उठला नाही. खाली धुराचे लोट उसळले. पूल पडला, की छपरं पेटली, की मोटारी उडाल्या, काही दिसेना. नुसता धूर, आणि वर जोरात बाजा.

"आरं, ह्यो तर जाळायलाच निगाला की!" पुरुषांतून आवाज आला.

"मघा तर न्हाई म्हनत हुता!"

"सर, काय झालं हो?"

पंडितच्या डोक्यात ते पहिलं वाक्य पुन्हा वाजलं. 'वोन्ट' होतं, की 'वाँट' होतं? एकाचा अर्थ करणार नाही, दुसऱ्याचा मला पाहिजे. आणि शेवटी 'बर्न', की 'रिटर्न'? मी जाळणार नाही, असं म्हणाला तो; की मला परत जायचंय, पुन्हा एकदा संधी द्या, असं म्हणाला? साहेबानं मान खाली घातली ती शरमेनं, की विचार करायला? जितकं आठवू जावं तितकं ते वाक्य दोन्हीकडं सरकत होतं.

लोक विचारतच होते. विमानं रांगेनं परत आली, सगळ्यांनी एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या, पेले भरले, आणि पडदा पांढरा झाला.

"मला कळलं नाही," पंडित माईकवर म्हणाला.

उठू लागलेले लोक पुन्हा त्याच्याकडं वळले.

"तो मघाशी साहेबाला काय बोलला ते मला नीट ऐकू आलं नव्हतं. त्यांची बोली मला कळत नाही. मी माझ्या मनानं सांगितलं."

त्यानं माईक स्टुलावर ठेवला. पुरुषांच्या बाजूला हशा पिकला. "यम्मे हायत म्हनं!" कुणीतरी म्हणालं, आणि दत्तराव उठून गेले. बाया उठताना आपसात भांडत होत्या. काहींच्या मते तो खराच न्हाई म्हणाला होता आणि शेवटी गेला तो त्याचा भाऊ. चांगुणाबाईनं आणलेला नारळ पडद्यापुढच्या दगडावर फोडला. कुणाच्या नावानं, ते तिनं सांगितलं नाही. खोबऱ्याचा एक तुकडा तिनं पंडितच्या हातावर ठेवला.

"ब्येस चाललं हुतं की सर," आबासाहेब नाराजीनं म्हणाले. "शेवटाला ते कामून बोलले?"

मायलेक बाजारातून घरी निघाले. उन्हं कलली होती, माळवं विकणाऱ्या बाया उरलेली मेथी टोपलीत भरत होत्या. सरजाबाई म्हणाली, "कणगी धुमसल्याचं तुला कुनी सांगितलं?"

"तूच सांगितलं असशील माय."

"म्या न्हाई. मला तरी कुटं मालूम हाय? आश्रुबा त्याच्यातलं कायबी बोलत न्हाई."

पंडित थबकला. तो स्वतः त्या दिवसांत औरंगाबादला होता. गाव जळाल्यावर त्यानं ते पाहिलंही नव्हतं. मग म्हैस कुठून आली, ज्वारी कुठून आली? त्याला आठवेना.

"सरजाआत्या!"

मागून एक जण लांब ढांगा टाकत येत होता. चाळिशीचा, खांद्यावर रिकामं पोतं. सरजाबाईनं पाहिलं आणि तिचा चेहरा एकदम कोरा झाला. "भुजंग हाय," ती हळूच पंडितला म्हणाली. "आमच्या गावचा." एवढ्यावरून पंडितला समजलं. आश्रुबामामा त्या दिवसाबद्दल फक्त एकच वाक्य कधीकाळी बोलला होता: पाटलाचा भुजंग त्यांच्यात होता, पण त्याच्या हातात काही नव्हतं.

भुजंग जवळ आला आणि उभाच राहिला. गोदामातून तो इथवर काहीतरी बोलायचं म्हणून आला होता आणि आता त्याला ते सापडत नव्हतं.

"सर, तो गोरा," तो शेवटी म्हणाला. "न्हाई म्हनला आसंल, तर परत कामून गेला?"

"मला कळलं नाही हो. सांगितलं ना मी."

"तसं न्हाई. आसं धरा की तो न्हाईच म्हनला. मंग दुसऱ्या दिशी सगळ्यांसंगं गेला. आसं हुतं का?"

पंडितला प्रश्न सिनेमाचा आहे की दुसऱ्याच कशाचा, ते उमगेना. उमगलं तेव्हा राग आला, आणि राग नेमका कुणाचा तेही कळेना. याचा, की मघाशी माईकवर आपण जे बोललो त्याचा.

"तुम्ही सांगा," तो म्हणाला. "होतं का?"

भुजंगनं पोत्याची घडी घातली, पुन्हा मोडली. "आश्रुबा कुटं ऱ्हायतो आता?"

"परभनीला," सरजाबाई म्हणाली. "मोंढ्यात हमाली करतो."

"गावाकडं येत न्हाई कवा?"

"कशाला येईल? कोन बोलावलं त्याला?"

भुजंग मान हलवत राहिला. "बरं आत्या," म्हणाला आणि एसटी स्टँडकडं वळला.

दुसऱ्या दिवशी शाळेआधी पंडित गोदामात गेला. ते एक रीळ फक्त पुन्हा ऐकायचं होतं, मशीनचा दिवा बंद ठेवून चालत असेल तर नुसता आवाज. सिताराम एकटाच झाडत होता.

"पेटी सकाळच्या गाडीनं गेली सर. टपावर टाकून आलो."

"पिच्चरचं नाव काय होतं?"

"डब्यावर नुसता नंबर हुता. तोबी पुसलेला."

मास्तरांच्या खोलीत आठवडाभर कोरियाची चौकशी झाली. "काय सर, कोरियात यंदा ऊस कसा काय?" पंडितनं ऐकून घेतलं. वर्गात मात्र दहावीच्या मुली ते साहेबापुढचं भाषण पुन्हा सांगा म्हणून मागं लागल्या, तेव्हा तो फळ्याकडं तोंड करून उभा राहिला आणि त्याला त्यातला एकही शब्द त्या क्रमानं आठवला नाही.

होळीच्या सुट्टीत तो परभणीला मामाकडं गेला. आश्रुबाची खोली मोंढ्याच्या मागं होती. दारात दोन कोंबड्या, पत्र्याच्या डब्यात लावलेली मिरचीची रोपं. मामा दारातच उकिडवा बसून मामीकडून पाठीला तेल लावून घेत होता. मामीनं पाणी दिलं.

"तुजा तो सिनेमा काय हाय रे?" आश्रुबानं विचारलं.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"भुजंग आलता."

"भुजंग? कधी?"

"मागल्या बाजारी आलता," मामा म्हणाला. "मी मोंढ्यातून आलो तर दारात बसलेला. हिनं च्या दिला. घेतला. म्या म्हनलं, बोल. तर गावाचं एक आक्षर बोलंना. सिनेमाचं सांगत बसला. म्हनला, तुमच्या भाच्यानं सांगितलं. एक गोरा हुता, इमानवाला. त्याला म्हनले वस्ती जाळ. तो साहेबाच्या तोंडावर न्हाई म्हनला. आन् पुन्यांदा गेला न्हाई. नोकरी सोडून घरी बसला. हे सांगितलं आन् उठून गेला."

"पुन्हा गेला नाही, असं म्हणाला?"

"आसंच म्हनला. का?"

पंडितनं तांब्या खाली ठेवला. भुजंगला शेवटचं रीळ विसरणं शक्य नव्हतं. रस्त्यात अडवून त्यानं तेच तर विचारलं होतं. मामाला सांगावं, की आहे तसं राहू द्यावं? सांगितलं तर मामाच्या दारात येऊन बसलेल्या माणसाचं काय उरतं? आणि नाही सांगितलं, तर पुन्हा एकदा आपण माईक हातात घेऊन बसल्यासारखंच की.

"तो परत गेला होता, मामा," तो म्हणाला. "शेवटी गेला. सगळ्यांबरोबर. खाली धूर झाला. काय जळलं ते दिसलं नाही."

आश्रुबानं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं. तेल लावणारा मामीचा हात थांबला होता.

"मंग ह्यानं मला आसं कामून सांगितलं?"

"मला नाही कळत."

"आन् साहेबाला तो काय म्हनला हुता? न्हाई म्हनला हुता का न्हाई?"

"ते पण नाही कळलं मला, मामा. खरंच."

आश्रुबानं समोरच्या रस्त्याकडं पाहिलं. मोंढ्यातून कापसाची एक गाडी खडखडत गेली, बैलांच्या मागं गाडीवान पायी चालत होता. मामीनं पुन्हा तेलाची वाटी उचलली.

"येतो म्हनला हाय आजून येकदा," आश्रुबा म्हणाला. "आला की इचारतो."